पाव पायाचा आजार

पुण्यात, त्यातही कोथरूडच्या एखाद्या जुन्या सोसायटीत, गाडी आजारी पडली तर ते मालकाच्या आधी पार्किंगला कळतं. मालक किल्ली शोधून जिना उतरेपर्यंत बॉनेटभोवती तिघे उभे असतात आणि त्यांतल्या दोघांचं निदान होऊन गेलेलं असतं. तिसरा फक्त बॉनेट उघडायची वाट बघत असतो. आत इंजिन आहे एवढी खात्री झाली की त्याचंही होतं.

या वेळची रुग्ण म्हणजे २००६ सालची एक छोटी पेट्रोल गाडी. मालक बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, ४० च्या वर काटा न नेणारे. तक्रार अशी, की कर्वे रस्त्यावर छान चाललेली गाडी मध्येच आचका देते. कोणी मागून सदरा धरून ओढावा आणि लगेच ‘चुकून ओढला’ म्हणून सोडून द्यावा, तसा. शिवाय सिग्नलला उभी असताना कधीकधी आपली आपण बंद पडते. पण खरी गोम पुढेच होती. हीच गाडी मागच्या रविवारी साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट एका दमात चढली होती. म्हणजे चढाला ठणठणीत आणि सपाटीला अंथरुणाला खिळलेली. असा आजार माणसाला झाला असता, तर नातेवाइकांनी त्याला सरळ ढोंगी ठरवलं असतं.

“पेट्रोलमध्ये भेसळ,” पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले. “पंप बदला. लिहून घ्या माझ्याकडून.” काकांचा पेट्रोलवर एवढा राग का, हे सोसायटीत कोणालाच ठाऊक नाही. गेल्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या स्कूटरची बॅटरी उतरली, तेव्हाही त्यांनी आधी पंपच बदलला होता.

“काका, फ्युएल पंप गेलाय,” इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा म्हणाला. तिसरं वर्ष म्हणजे आत्मविश्वासाचा कळस. चौथ्या वर्षी नोकरीच्या मुलाखती सुरू होतात आणि तो उतरणीला लागतो. “व्हिडिओत अगदी अस्संच दाखवलंय.”

वॉचमनने एके काळी टेम्पो चालवला होता. तो म्हणाला, “मिसिंग मारतीय साहेब. प्लग काढून घासा.”

तिघांनाही हसण्यात अर्थ नाही. ज्याला जे एकदा लागू पडलं, ते तो जन्मभर सांगतो. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली तेव्हा तिच्यात कार्बोरेटर होता, आणि कार्बोरेटरच्या काळात प्लग घासणं, जेट फुंकणं आणि ‘कचरा आला होता’ असं म्हणणं एवढ्यावर निम्मी गॅरेजं चालत. मिस्त्री इंजिनाला कान लावायचा, स्क्रू पाव फेरी फिरवायचा, परत कान लावायचा. इंजिन हवा ओढायचं, हवेच्या ओढीने पेट्रोल आपोआप मागे यायचं. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं.

विचारपूस सुरू झाली ती धुरामुळे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांना युरोपच्या धर्तीचे प्रदूषणाचे नियम लावायला सांगितलं, आणि पुढच्या काही वर्षांत देशभर कार्बोरेटरची पाठवणी होऊन त्याच्या जागी इंजेक्टर आणि एक लहानसा कंप्युटर आला. गॅरेजमध्ये त्याला ईसीएम म्हणतात. हा गृहस्थ एका बंद डब्यात बसलेला असतो. त्याला इंजिन दिसत नाही, रस्ता दिसत नाही, मालक तर नाहीच नाही. सरकारी कचेरीतल्या एखाद्या साहेबासारखा तो फक्त येणाऱ्या कागदांवर सही करतो. पाणी किती तापलं, हवा किती आली, इंजिन किती फिरतंय, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, मालकाने पाय किती दाबला. हा शेवटचा कागद पाठवायचं काम थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं. गॅरेजच्या बोलीत टीपीएस.

हवा जिथून इंजिनात शिरते त्या नळीत एक गोल चकती असते. ॲक्सिलरेटर दाबला की केबल ओढली जाते, चकती तिरकी होते, हवा आत जाते. या धातूच्या, काजळीने माखलेल्या चकतीला बटरफ्लाय म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने फुलपाखरू लांबूनच पाहिलं असावं. चकतीच्या दांड्याच्या टोकाला काडेपेटीएवढी एक काळी प्लास्टिकची डबी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. तिला तीन वायरी. हाच तो सेन्सर.

डबीच्या आत काय आहे, हे पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक मराठी माणसाने पाहिलेलं नसलं तरी ऐकलेलं आहे. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवा. आत कार्बनची एक कमानदार पट्टी, तिच्यावरून सरकणारं धातूचं एक बोट. बटण फिरवलं की बोट सरकतं आणि आवाज लहानमोठा होतो. नवा रेडिओ गुपचूप ऐकतो. दहा वर्षांनी मात्र बटण एका विशिष्ट जागी आलं की ‘खर्रर्र’. बटण पूर्ण फिरवा, आवाज स्वच्छ. अगदी बारीक करा, स्वच्छ. खरखर फक्त तिथे, जिथे घरातले रोज सकाळी बातम्या ऐकायला बटण आणून ठेवतात. रोज तिथेच घासून घासून पट्टी तेवढ्याच जागी झिजलेली असते.

टीपीएस हे तेच बटण. फक्त ते हाताने नाही, पायाने फिरतं.

आता आपले गृहस्थ. इतकी वर्षं त्यांनी ही गाडी ४० च्या वेगाने चालवली. त्या वेगाला पाय जेमतेम पाव दाबावा लागतो. म्हणजे सेन्सरचं बोट वर्षानुवर्षं पट्टीच्या त्याच पाव भागावर थरथरत राहिलं. उरलेली पाऊण पट्टी शोरूममधून आली तशी कोरी. लग्नात आलेला चांदीचा चमचा जसा कपाटात जपून असतो, तसा पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर त्या गाडीने क्वचितच अनुभवला होता. घाटात पाय खाली गेला, बोट खराब जागा ओलांडून कोऱ्या पट्टीवर पोचलं, आणि गाडी सुतासारखी सरळ धावली. कर्वे रस्त्यावर परत पाव पाय, परत ती जागा, परत आचका. गाडीला जडलेला रोग म्हणजे मालकाच्या काटकसरीचा कार्बनवर उमटलेला ठसा होता.

पण झिजलेली जागा आली म्हणून गाडीने आचका का द्यावा?

तीन वायरींपैकी एकीतून कंप्युटर डबीला ५ व्होल्ट देतो. दुसरी अर्थिंगची. तिसरीतून उत्तर येतं: पाय उचललेला असेल तर साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबलेला असेल तर साडेचारच्या आसपास. गाडीगणिक थोडा फरक असतो. उत्तर शून्यापासून पाचपर्यंत का नाही, असा प्रश्न कोणाला पडला, तर त्याने आपलं जुनं प्रगतिपुस्तक काढावं. गणितात शून्य मिळणं वेगळं आणि ‘गैरहजर’ असणं वेगळं. अर्धा व्होल्ट म्हणजे मुलगा हजर होता, काही लिहिलं नाही. शून्य व्होल्ट म्हणजे वायरच तुटली, मुलगा शाळेतच आला नाही. कंप्युटरला हा फरक कळावा म्हणून दोन्ही टोकांना जागा राखून ठेवलेली असते.

आता पाव पाय दाबलेला आहे, उत्तर दीड व्होल्ट येतंय, सगळं सुरळीत. बोट झिजलेल्या जागेवर आलं. क्षणभर संपर्क सुटला आणि व्होल्टेज खाली कोसळलं. एवढ्याशा क्षणात कंप्युटर काय समजणार? मालकाने पाय उचलला! चालत्या इंजिनावर पाय उचलला की पेट्रोल तोडायचं, असं त्याला शिकवलेलंच आहे. उतारावर इंधन वाचतं ते त्यामुळे. त्याने पेट्रोल तोडलं. पुढच्या क्षणी बोट परत पट्टीला टेकलं, व्होल्टेज वर. ‘अरेच्चा, एकदम पाय दाबला!’ म्हणून त्याने नेहमीपेक्षा जास्तीचं पेट्रोल सोडलं. गृहस्थांना ही गोष्ट कळायला खरं तर काहीच हरकत नव्हती. दर नोव्हेंबरात ते बँकेत हयातीचा दाखला देतात. दाखला पोचला नाही की माणूस समोर उभा असला तरी पेन्शन थांबतं, आणि दाखला मिळाला की थकबाकीसकट एकदम जमा होतं. त्यांची गाडी त्यांच्या पायाचा हयातीचा दाखला दर फर्लांगाला एकदा हरवत होती, इतकंच.

एवढं सगळं समजण्याआधी गाडी अर्थातच एका गॅरेजमध्ये जाऊन आली. तिथे प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, स्प्रे मारून थ्रॉटल बॉडी, म्हणजे ती चकतीची नळी, चकचकीत केली, स्कॅनर लावून कोड डिलीट केला. मीटरमधला पिवळा दिवा विझला. गॅरेजवाल्याच्या मते दिवा विझला म्हणजे आजार गेला. तापमापक झटकून ताप उतरवण्याचाच हा प्रकार. गंमत म्हणजे सिग्नलला बंद पडणं खरोखरच थांबलं, कारण ते दुखणं चकतीच्या कडेला साचलेल्या काजळीचं होतं. अर्धा आजार बरा झाल्याने निदान पूर्ण बरोबर ठरलं आणि बिलही पूर्णच लागलं. आचके मात्र तसेच राहिले. तीन दिवसांनी दिवाही परत आला.

मग इंजिनिअरिंगच्या मुलाने आपला ब्लूटूथवाला स्कॅनर आणला. ऑनलाइन मिळणारा, अंगठ्याएवढा. तो गाडीशी बोलेना. यात त्या खेळण्याचा दोष नव्हता. सगळ्या गाड्यांनी एकाच भाषेत तक्रार सांगावी, हा ओबीडी-२ चा नियम अमेरिकेत १९९६ पासून लागू झाला. आपल्याकडे तो २०१३ मध्ये आला. त्याआधीच्या अनेक गाड्या आपापल्या कंपनीच्या बोलीभाषेतच रडतात, आणि ती बोली समजायला गॅरेजचा मोठा स्कॅनर लागतो.

कोडची गोष्ट इथे सांगून टाकायला हवी, कारण फसगत तिथेच होते. टीपीएसच्या नावावर पी ०१२० पासून पी ०१२४ पर्यंत पाच कोड आहेत. ०१२२ म्हणजे व्होल्टेज फार कमी, ०१२३ म्हणजे फार जास्त, ०१२१ म्हणजे आकडा मर्यादेत आहे पण बाकीच्या सेन्सरांशी जुळत नाही. आणि ०१२४ म्हणजे ‘कधीकधी’. मेकॅनिकसमोर गाडी हटकून शहाण्यासारखी वागते, हा जगभरचा अनुभव, आणि त्यासाठी एक स्वतंत्र क्रमांक राखून ठेवणाऱ्या समितीबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. पण यांतला एकही कोड ‘सेन्सर बदला’ असं म्हणत नाही. ‘व्होल्टेज कमी आलं’ एवढंच तो सांगतो. ते सेन्सर बिघडल्यामुळे कमी येईल, कपलरमध्ये पाणी गेल्याने येईल, अर्थिंग ढिलं असल्याने येईल, किंवा पार्किंगमधल्या उंदराने रात्री वायर चाखून बघितल्यानेही येईल. (उंदरांवर इलाज म्हणून बॉनेटखाली तंबाखू, डांबराच्या गोळ्या, जाळी असं सगळं ठेवणाऱ्यांची गाडी उघडली की ती गाडी आहे की आजीची ट्रंक, असा संभ्रम पडतो.) कित्येक गाड्यांत तर कंप्युटरचे ते ५ व्होल्ट दोन-तीन सेन्सरांत वाटलेले असतात. शॉर्ट एकात होतो आणि बोंब शेजारच्याच्या नावाने होते.

शेवटी गाडी गेली एका वायरिंगवाल्याकडे, मुलगाही सोबत गेला. टपरीवजा दुकान, बाहेर बॅटऱ्यांची रांग. त्याने कोणाचंही निदान न ऐकता एकच प्रश्न विचारला. “काका, झटका स्पीडला बसतो का पायाला?”

हा प्रश्न फार मोलाचा आहे. कोणत्याही गिअरमध्ये, कोणत्याही वेगाला, पाय ठरावीक जागी आला की झटका बसतो, तर संशय टीपीएसवर. उलट गाडीवर भार पडला, चढ लागला, इंजिन जोर लावू लागलं की झटका बसतो, तर पंप, फिल्टर, प्लग, कॉइल यांच्याकडे बघायचं. पेट्रोल कमी पडलं किंवा ठिणगी अशक्त असली तर ती घाटातच उघडी पडते. म्हणजे खंबाटकीच्या घाटाने पंपाला आणि प्लगला आधीच जामीन दिला होता. गृहस्थांनी खिशात घेऊन हिंडवलेला हा पुरावा पार्किंगमधल्या खंडपीठाने वाचलाच नव्हता.

वायरिंगवाल्याने इग्निशन ऑन केलं, इंजिन मात्र बंदच ठेवलं. कपलरच्या मागून बारीक टाचण्या सरकवल्या. आधी ५ व्होल्ट येतात का ते पाहिलं. येतात. अर्थिंग नीट आहे का? आहे. म्हणजे वायरींची निर्दोष सुटका झाली आणि उंदरांचीही. मग तिसऱ्या वायरीला मीटर लावून त्याने मुलाला ॲक्सिलरेटर सावकाश, अगदी सावकाश दाबायला सांगितलं. मुलाने स्वतःचा डिजिटल मीटरही शेजारी जोडला. त्यावर आकडे कसे शिस्तीत चढले: ०.५, ०.९, १.४, १.८, पुढे ४.५ पर्यंत. “सेन्सर ओके आहे,” मुलगा म्हणाला.

“परत दाब,” वायरिंगवाला म्हणाला. त्याची नजर स्वतःच्या जुन्या, काट्याच्या मीटरवर होती. काटा चढत चढत गेला आणि दीडच्या जवळ डावीकडे टचकन उडाला. परत वर. पुन्हा केलं, पुन्हा त्याच जागी. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-चार वेळाच डोळे उघडतो. मधल्या झापडीत जे घडलं ते त्याच्या लेखी घडलंच नाही. काटा बिचारा सतत जागा असतो. मोठ्या वर्कशॉपांत याच कामाला ऑसिलोस्कोप असतो. त्याच्या पडद्यावर रेषा गुळगुळीत चढाऐवजी मध्येच खड्ड्यात पडून वर येताना दिसते, एखाद्या पुणेरी रस्त्याच्या उभ्या छेदासारखी. काट्याच्या मीटरला ऑसिलोस्कोपची सर नाही, पण आंधळ्यांच्या सभेत तोच डोळस निघाला. वायरिंगवाल्याने खात्रीसाठी डबीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केली. काटा नाचला.

मुलगा हिरमुसला, पण हार मानली नाही. “नव्या गाड्यांना ही भानगडच नाही,” तो म्हणाला. “त्यांना केबलच नसते.”

हे अर्धंच खरं आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूने आपल्या बारा सिलिंडरच्या ७५० गाडीत केबल काढून टाकली आणि पायाचा हुकूम तारेने पाठवायला सुरुवात केली. आज लहान गाड्यांतही तेच असतं. झीज टाळायला अनेकांत कार्बनच्या पट्टीऐवजी चुंबकावर चालणारा, कशालाही न टेकणारा सेन्सर असतो. पण केबल गेल्यावर एकट्या सेन्सरच्या शब्दावर गाडी सोडायची कोणाची छाती होईना. म्हणून पेडलला दोन सेन्सर आणि चकतीलाही दोन. पुष्कळदा एकाचं व्होल्टेज चढतं तेव्हा दुसऱ्याचं उतरतं, आणि दोघांची बेरीज ठरलेली असते. वाटणीच्या दाव्यातल्या दोन भावांना वेगवेगळं उभं करून जबानी घ्यावी, तसा कंप्युटर दोघांना क्षणोक्षणी विचारतो. जबान्या जुळल्या नाहीत की पी २१३५ हा कोड, आणि गाडी ‘लिंप होम’ मध्ये, म्हणजे लंगडत घरी. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, ती वरातीच्या चालीनेच जाते. अशा गाड्यांत बहुधा सेन्सर सुटा मिळत नाही, अख्खी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते. आणि किल्ली चालू असताना त्या चकतीत बोट घालून ‘बघू जरा’ करू नये. ती मोटरवर चालते, फुलपाखरू चावतं.

पायाची खबर वर पोचवणाऱ्या या साखळीची सगळ्यांत मोठी चौकशी अमेरिकेत झाली. २००९-१० मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात, अशा तक्रारींचा गदारोळ उठला. लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. तेव्हा अमेरिकी सरकारने इलेक्ट्रॉनिक्स तपासायला चक्क नासाला बोलावलं. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या संस्थेचे इंजिनिअर दहा महिने कॅमरीच्या ॲक्सिलरेटरमागे बसले. काही पेडल सेन्सरांत त्यांना कथलाचे केसांहून बारीक तंतू उगवलेले सापडले, पण इलेक्ट्रॉनिक्समुळे गाडी तशी उधळल्याचा पुरावा मिळाला नाही. फेब्रुवारी २०११ च्या अहवालानंतर सरकारने जे दोन यांत्रिक दोष पुढे ठेवले, त्यांत एक होता अडकणारं पेडल आणि दुसरा पायाखालची मॅट, जी सरकून पेडल दाबून धरत होती. पुढे २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या एका खटल्यात ज्युरीने सॉफ्टवेअरबाबत कंपनीविरुद्ध कौल दिला, त्यामुळे वाद कायमचा मिटला असंही नाही. तरीही नासाच्या दारी जाऊन शेवटी पायपुसण्यापाशी येणं, हे आपल्या पार्किंगमधल्या खंडपीठाला ऐकून फार बरं वाटलं असतं.

नवा सेन्सर आणायला गृहस्थ स्वतः नाना पेठेत गेले. दुकानदाराने तीन डब्या समोर ठेवल्या: एक ‘कंपनीची’, एक ‘कंपनीला देतात त्यांची’ आणि एक ‘सेम टू सेम’. तिन्हींच्या किमती वेगळ्या, तोंडवळा एकच. बँकेत बनावट नोटा ओळखण्यात हयात गेलेल्या माणसाने दोन्ही बाजू उजेडात धरून पाहिल्या आणि पहिली घेतली.

बसवायला दोन स्क्रू. स्क्रूंची भोकं जरा लांबट होती, म्हणजे डबी किंचित फिरवून बंद चकतीचं व्होल्टेज पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आणायचं होतं. पहिल्यांदा ते थोडं जास्त राहिलं आणि इंजिन उभ्या जागी उगाचच वर फिरायला लागलं, दुसऱ्यांदा जमलं. मग वायरिंगवाल्याने जुनी डबी पकडीने फोडून दाखवली. आत काळीभोर कमान, चकचकीत, आणि सुरुवातीपासून थोड्या अंतरावर एका नखाएवढ्या जागी तिचा रंग उडून राखाडी ओरखडा पडलेला. गृहस्थांनी चष्मा पुसून तो ओरखडा बराच वेळ पाहिला.

“काका, कधीतरी हायवेला दाबत जा की जरा,” वायरिंगवाला म्हणाला.

“बघू,” ते म्हणाले, आणि फुटकी डबी रुमालात बांधून घेतली.

परतताना गाडी लोण्यासारखी चालली. ४० च्या वेगाने. वाटेत नळ स्टॉपजवळ काटा रिझर्व्हला आलेला दिसला, नेहमीचा पंप अजून लांब होता, म्हणून त्यांनी समोर दिसला त्या पंपावर हजाराचं पेट्रोल भरलं. सोसायटीच्या दारात पहिल्या मजल्यावरचे काका उभेच होते.

“काय, कशी आहे गाडी?”

“उत्तम. एक आचका नाही.”

काकांनी डोळे बारीक केले. “पेट्रोल कुठे भरलंत?”

गृहस्थ खोटं बोलत नाहीत. त्यांनी सांगितलं.

काका वॉचमनकडे वळले. “म्हटलं नव्हतं मी?”